आठ महिने न दिलेला रिपोर्ट

प्रीती घोडेस्वार हे नाव तुम्ही ऐकलेलं नसणार. नागपुरातल्या लाखभर लोकांच्या दंडाला तिनं रबरी पट्टा बांधलाय, पण त्यांनाही ते ठाऊक नाही. त्यांच्या लेखी ती ‘रक्तवाली’, फार तर ‘सिस्टर’. ती सिस्टर नाही. नर्सचं शिक्षण वेगळं, हिचं वेगळं. ही लॅब टेक्निशियन आहे. माझ्या वयाच्या बायकांना हे सांगून सांगून मी थकले, आता चिडतेच.

तुमच्या हातात रिपोर्ट येतो त्यावर लॅबचं नाव ठळक असतं आणि सही डॉक्टरांची. शीर कोणी शोधली, नळी मशीनला कोणी लावली, आकडा विचित्र वाटला म्हणून पुन्हा कोणी लावून पाहिली, याचा पत्ता कागदाच्या अगदी खालच्या कोपऱ्यात दोन अक्षरांत असतो. चष्मा पुसून बघा. ती दोन अक्षरं म्हणजे प्रीती.

मी तिला बी.एस्सी.ला प्राणीशास्त्र शिकवलं. पस्तीस वर्षांत हजारो पोरं समोरून गेली, त्यातली बहुतेक मी विसरले. ही लक्षात राहिली कारण पहिल्याच वर्षी, रक्तपेशींचा धडा चालू असताना, हात वर करून म्हणाली, “मॅडम, सिकल सेलचं पुस्तकात अर्धंच पान आहे.”

“मग किती हवं होतं?”

“आमच्या घरी तेरा वर्षं होतं ते,” ती म्हणाली, आणि खाली बसली.

नंतर कळलं. तिचा धाकटा भाऊ विक्रम या आजारानं गेला होता, तेराव्या वर्षी. ज्यांना हा आजार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: तांबड्या पेशी गोल असायच्या त्या विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडं ठणकायला लागतात. विक्रम घोंगडीत तोंड खुपसून ओरडायचा म्हणे, शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. वडील देवराव कुहीची धानाची शेती भावाच्या हवाली करून नागपुरात आले ते त्याच्या दवाखान्यासाठी. मुलगा गेला तरी परत गेले नाहीत. अंजनाबाई, प्रीतीची आई, अजून इंदोरा वस्तीतल्या त्याच दोन खोल्यांत राहते. प्रीतीही.

आजार आईबापांकडून येतो. दोघंही वाहक असले तर. वाहक माणूस स्वतः ठणठणीत असतो, त्याला कधी कळतही नाही. पण दोन वाहकांनी लग्न केलं तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता विक्रमची. प्रीती वाहक होती आणि ते तिला पंधराव्या वर्षापासून माहीत होतं. आमच्या विदर्भात हे घरोघर आहे. आता तर तिच्या समाजात वधू-वर मेळाव्याच्या फॉर्मवर उंची, शिक्षण, नोकरी आणि त्याखाली ‘सिकल’ असा रकानाच असतो. पत्रिका कोणी बघत नाही, रिपोर्ट बघतात. मला हे फार शहाणपणाचं वाटतं. वाटायचं, असं लिहायला हवं.

बी.एस्सी. झाल्यावर तिनं लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा केला. घरात डॉक्टरकीचे पैसे नव्हते, असं लोक म्हणतात. तिला विचाराल तर म्हणेल, “मले डॉक्टर व्हायचंच नव्हतं. डॉक्टर रिपोर्ट वाचतो. मले तो निघताना पाह्यचा होता.”

तिथं तिला संघपाल भेटला. तोही कुहीकडचाच, पलीकडच्या गावचा. त्या कोर्सला पहिले काही महिने पोरं एकमेकांच्याच हातात सुया टोचून शिकतात. हिच्या वाट्याला संघपालचा डावा हात आला. त्याची शीर म्हणे कोपरापाशी एकदम आत वळायची, दिसायचीच नाही. बोटानं चाचपून, डोळे मिटून शोधावी लागे. पहिल्या आठवड्यात हिनं त्याचा हात पार निळा केला. पोरं हसायची. तो म्हणायचा, “टोच वं टोच. माह्या हातावर शिकली त नागपुरात कोणाचीबी शीर सापडन तुले.”

आणि तसंच झालं. माझ्या शिरा म्हाताऱ्या, पळपुट्या. मोठमोठ्या दवाखान्यांत चार-चारदा टोचतात. प्रीती एकदाच टोचते.

२००५ सालच्या फेब्रुवारीत ती माझ्या घरी आली. लक्ष्मीनगरातलं हेच घर, हीच पुढची खोली. उभ्या उभ्याच म्हणाली, “मॅडम, मी कॅरियर, संघपालही कॅरियर. पुढच्या रविवारी साक्षगंध आहे.” साक्षगंध म्हणजे आमच्याकडचा साखरपुडा. हॉल ठरला होता, कुहीहून दोन गाड्या भरून माणसं येणार होती. “काय करू?”

मी वर्तमानपत्राच्या कडेला पेननं चौकोन काढला, त्याचे चार भाग केले, एक भाग काळा केला. “पंचवीस टक्के. माझी विद्यार्थिनी आहेस ना? हे मी तुला सांगायला हवं? विक्रमला विसरलीस?”

ती म्हणाली, “नाही विसरली.”

“मग झालं तर.”

एवढंच. चार मिनिटंही झाली नसतील. आत कुकरची तिसरी शिट्टी झाली होती, मी उठले. बाहेर आले तोवर ती चप्पल घालत होती.

पोटातल्या गर्भाची तपासणी करता येते, मोठ्या शहरांत त्या काळीही होत होती, हे मी वाचलेलं होतं. ते मी तिला सांगितलं नाही. कोणी विचारलं असतं तर म्हटलं असतं, खर्च त्यांना झेपला नसता, मुंबईला कोण नेणार होतं. खरं कारण असं की मला डाळ उतरवायची होती, आणि माझं उत्तर मला पुरेसं वाटलं होतं.

साक्षगंध मोडलं. संघपाल गडचिरोलीकडे एका ग्रामीण रुग्णालयात लागला, वर्षभरात त्यानं लग्न केलं. प्रीतीनं केलं नाही. स्थळं आली, नॉर्मल रिपोर्टवाली, चांगली. देवराव वारेपर्यंत म्हणत होते, “एकाले तरी हो म्हण वं माय.” ती म्हणायची, “पाहू.” आज बेचाळीस वर्षांची आहे. सीताबर्डीच्या एका लॅबमध्ये सीनियर टेक्निशियन, हाताखाली सहा पोरी. दर तीन महिन्यांनी माझ्याकडे मात्र स्वतः येते, पोरींना पाठवत नाही.

या डिसेंबरात एका गुरुवारी अशीच सकाळी आली. दंडाला पट्टा बांधला आणि तशीच बसली.

“अगं, हात काळा पडेल माझा. कुठं आहेस?”

“सॉरी मॅडम.” तिनं पट्टा सैल केला. “सोमवारी एका पोरीचं रक्त काढलं. अठरा वर्षांची. फिजिओथेरपीले ॲडमिशन झाली इथं, हॉस्टेलवर राहते.”

“बरं मग?”

“डाव्या हाताची शीर कोपरापाशी आत वळून गेली होती. मी फॉर्म पाह्यलाच नव्हता तोवर. बोट ठेवलं अन् कळलं. मग नाव पाह्यलं. अपेक्षा, अन् मधलं नाव संघपाल.”

मी सैल पट्ट्याखालचा दंड चोळायला लागले. 

“मी विचारलं, याच लॅबमधी कशी आली? त म्हणते, बाबांनी सांगतलं. सिकलची मोठी टेस्ट तिथूनच कर म्हणे, तिथं हात चांगला आहे.”

“आणि रिपोर्ट?”

“कॅरियर आहे. मंगळवारीच झाला तयार.”

“मग पाठवलास ना? आता तर फोनवर जातो.”

प्रीती नळ्यांवर नाव लिहायला लागली. माझं नाव लिहायला तिला एवढा वेळ लागत नाही. “नाही पाठवला. मी त्या पोरीले सांगतलं, वडिलांनी स्वतः येऊन न्यावं लागते. समजावून सांगायचा नियम आहे म्हटलं.”

“असा काही नियम नाही.”

“नाही.”

“प्रीती, अठरा वर्षांची मुलगी आहे. तिचा रिपोर्ट तिचा. तू तो दाबून ठेवतेस म्हणजे काय? हे तुला शोभतं?”

“पहिल्यांदा नाही ठेवून राहिली, मॅडम,” ती म्हणाली.

आणि मग तिनं ते सांगितलं. वीस वर्षं मी समजत होते की संघपालचा रिपोर्ट साक्षगंधाच्या तोंडावर आला. तसं नव्हतं. तो आठ महिने आधी, जूनमध्येच आला होता, हिच्याच हातानं. कोर्समध्ये सिकलचं प्रात्यक्षिक होतं, प्रत्येकानं स्वतःचंच रक्त द्यायचं. आधी साधी चाचणी: नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरायचा, रेघा दिसल्या तर ठीक, दिसल्या नाहीत तर पुढं पट्टीवर तपासायचं. संघपालच्या नळीमागच्या रेघा दिसल्या नाहीत. पट्टीवर दोन पट्टे उमटले, म्हणजे वाहक, हिच्या स्वतःच्या पट्टीसारखेच. त्या दिवशी निकाल उतरवून घ्यायचं काम हिच्याकडे होतं. संघपालच्या नंबरापुढे हिनं लिहिलं, ‘नमुना खराब, पुन्हा घ्यावा’. पुन्हा कोणी घेतला नाही. सर विसरले.

“काहून केलंस असं?” माझ्याही तोंडून ‘काहून’च निघालं.

“मले ते दिवस पाह्यजे होते.” ती माझ्याकडे बघत नव्हती. “आज सांगते, उद्या सांगते. अंबाझरीले जायचो आम्ही, बर्डीवर फिरायचो. तो घरी बोलला, मग आमच्या घरी आला, मग तारीख निघाली. मग सांगणंच कठीण झालं. तुमच्याकडं आली, अन् मग त्याले सांगतलं की रिपोर्ट कालच आला. तो नुसता माह्याकडं पाहत राह्यला.  त्याच्या मायनं आमच्या दारात उभं राहून जे म्हटलं ते बरोबर होतं, मॅडम. दोन गाड्या माणसं वापस पाठवली त्याईनं. मी जूनमधीच सांगतलं असतं त कोणाची बेइज्जती नसती झाली.”

“आणि आता तुला त्याला सांगायचंय.”

“एकदा. बस, एकदा. तो शनिवारी येऊन राहिला.”

मी तिला रागावले. भरपूर रागावले. रिपोर्ट आत्ताच्या आत्ता पाठव म्हटलं, पोरीचा काय दोष, वगैरे. ती म्हणाली, “हाव मॅडम,” आणि पेटी बंद करून गेली. त्या ‘हाव’चा अर्थ ‘नाही’ होता, हे मला कळलं.

शनिवारी मी लॅबमध्ये गेले. खरं सांगायचं तर नाक खुपसायला गेले. बहाणा साखरेचा होता: उपाशीपोटी एकदा, खाऊन दोन तासांनी दुसऱ्यांदा. माझी तपासणी गुरुवारीच झाली होती हे प्रीतीलाही माहीत होतं. ती फक्त म्हणाली, “मॅडम, तर्री पोहे खाऊन नका येऊ म्हणजे झालं,” आणि टोचलं. मी डब्यातला उपमा खाल्ला आणि पडद्याच्या फटीतून आतलं दिसेल अशा खुर्चीत ठाण मांडलं. खिडकीतून मेट्रो येताजाताना दिसत होती, खाली बर्डीवरचे स्वेटरवाले ओरडत होते.

तो साडेदहाला आला. ठेंगणा, पुढचे केस गेलेले, हातात हेल्मेट. काउंटरवरची मुलगी काजल म्हणाली, “काका, रिपोर्ट का?” तो म्हणाला, “रिपोर्ट बी न्यायचा आहे, अन् माही शुगर बी करायची आहे.” आणि पडद्याआड आला. मी दोन हातांच्या अंतरावर बसले होते. मासिक डोळ्यांपुढे धरलं.

“बसा,” प्रीती म्हणाली.

“बसा?” तो म्हणाला. “बरं. बसतो.” त्यानं न विचारता डावी बाही वर सारली.

तिनं पट्टा बांधला. शीर बघितली नाही. बोट ठेवलं, सुई गेली, नळी भरायला लागली.

“आतापरेंत कोणाले पहिल्या झटक्यात नाही सापडली,” तो म्हणाला. “आमच्या दवाखान्यात पोरं मले पाहून पळतात.”

“मले तुम्हाले काही सांगायचं आहे,” ती म्हणाली. आवाज रोजचा होता, ‘मूठ बंद करा’ म्हणते तसा. “तुमचा रिपोर्ट तेव्हा, तो आदल्या दिवशी नव्हता आला. जूनमधीच आला होता. प्रॅक्टिकलले. मी रजिस्टरात खोटं लिहिलं.”

“नमुना खराब,” तो म्हणाला.

प्रीतीचा हात थांबला. नळी भरली होती, ती काढायची राहिली.

“काढ वं, उतू जाईन,” तो म्हणाला. तिनं नळी काढली, पट्टा सोडला. “जर्नल कोणाचं पाहून लिहायचो मी? तुह्यंच ना? मागच्या पानावर दोन पट्ट्या काढल्या होत्या तू. शेजारी शेजारी. एकीवर तुहा नंबर, एकीवर माहा. जुलैत पाह्यलं मी ते.”

“जुलैत?”

“हाव.”

“मग बोलले काहून नाही?”

“तू काहून नाही बोलली?” मग त्यानं मोकळ्या हातानं हेल्मेट खाली ठेवलं. काजल बाहेर कोणाला तरी पत्ता सांगत होती. “मले वाटलं, हिले माहीत आहे. घरात भाऊ गेला, तरी माहीत असून हो म्हणून राहिली. म्हणजे हिनं ठरवलं, जे होईन ते दोघं पाहू. मी ते ठरलंच समजलो. मी मुंबईच्या दवाखान्याले पत्र बी टाकलं होतं, पोटातल्या लेकराच्या तपासणीचं. उत्तर आलं होतं त्याईचं. मंग तू एक दिवस येऊन म्हणते, रिपोर्ट काल आला. मी समजलो, तुले नाही म्हणायचं आहे.”

प्रीतीनं सुई काढली, कापूस ठेवला. “दाबून ठेवा. हात दुमडू नका.”

त्यानं दाबून धरलं. दोन मिनिटं दोघंही त्या कापसाकडे बघत होते. मी मासिकाचं पान उलटलं आणि तो आवाज मलाच फार मोठा वाटला.

मग तिनं टेबलाच्या खणातून अपेक्षाचा रिपोर्ट काढला आणि त्याच्यापुढे सरळ करून ठेवला. “तुमची मुलगी वाहक आहे,” तिनं सुरू केलं. “तिले आजार नाही. औषध लागत नाही.” ज्या माणसानं गडचिरोलीत वीस वर्षं हेच हजारदा सांगितलं असेल, त्याला ती पहिल्या शब्दापासून सांगत होती. आणि तो मान हलवत ऐकत होता. “लग्नाच्या वेळेस मुलाची तपासणी करून घ्या. अन् तो बी वाहक निघाला,” इथं ती थांबली, तिनं पेन उचललं, काहीच लिहिलं नाही, परत ठेवलं, “तो बी वाहक निघाला त त्याले सोडून दे म्हणू नका. पोटातल्या लेकराची तपासणी होते. आता मुंबईले नाही जावं लागत. दोघांले संग बसवा, सगळं सांगा, मंग त्याईले ठरवू द्या. कोणाचं चार मिनिटं ऐकून ठरवू नका म्हणा.”

मला ते शेवटचं वाक्य कोणासाठी होतं हे विचारायची गरज नव्हती. तिनं पडद्याकडे बघितलंही नाही.

“सांगतो,” तो म्हणाला. रिपोर्टची घडी केली, खिशात ठेवली, हेल्मेट उचललं. दाराशी वळला. “तुह्या मायची तब्येत बरी आहे?”

“बरी आहे. गुडघे दुखतात.”

“शुगरचा रिपोर्ट?”

“संध्याकाळी फोनवर येईन,” प्रीती म्हणाली. “घ्यायले यायचं काम नाही.”

तो जिना उतरला. प्रीतीनं त्याची नळी स्टँडमध्ये लावली नाही, मशीनकडे नेणाऱ्या पोरीलाही दिली नाही. तशीच उभी राहिली, नळी बोटांत उलटीपालटी करत. रक्त मिसळायला नळी हलकेच उलटी करायची असते, पाच-सहा वेळा. ती कितीतरी वेळ करत होती.

मी पडदा सारून आत गेले. मला म्हणायचं होतं की चूक माझी होती. वीस वर्षांनी, चार मिनिटांच्या त्या चौकोनाबद्दल. मी तोंड उघडलं तर तीच म्हणाली, “मॅडम, तुमचं ऐकून नाही केलं मी. विक्रमले पाहून केलं. उगाच मनाले लावून घेऊ नका.”

हे ती मला बरं वाटावं म्हणून म्हणाली की खरं म्हणाली, मला ठरवता येत नाही. मी तिला शिकवलं तेव्हा ती खोटं बोलत नसे. पण एकदा तरी बोलली होती, रजिस्टरात, दोन शब्दांचं.

“त्यानं पत्र लिहिलं होतं,” मी म्हटलं. “मुंबईला.”

“ऐकलं मी.” तिनं नळी पोरीच्या हातात दिली, हात धुतले, पुसले, नवे हातमोजे चढवले आणि घड्याळाकडे बघितलं. “बसा. तुमचे दोन तास झाले.”

मी बसले, हात पुढे केला. तिनं पट्टा बांधला, बोट ठेवलं, आणि पहिल्यांदाच माझी शीर तिला एका टोचण्यात सापडली नाही.

“असू दे,” मी म्हटलं. “परत टोच. मला काही घाई नाही.”